जुना प्लँटेड टँक रिस्टार्ट करायचाय? आधी फिल्टरपासून हात लांब ठेवा

पाच-सात वर्षं चाललेल्या प्लँटेड टँकची, म्हणजे जिवंत झाडं लावलेल्या माशांच्या टाकीची, अवस्था साधारण सगळीकडे सारखीच असते. क्रिप्टची (क्रिप्टोकोरिनची) पानं एकमेकांवर चढलेली, मागे लावलेला वॅलिस्नेरिया रनर टाकत टाकत पुढच्या काचेपर्यंत आलेला, लाल रोटाला कधीच संपलेला, अनुबियासच्या पानांवर काळी दाढी म्हणजे काळं शेवाळ, आणि सॉइलमध्ये (तळाच्या दाणेदार मातीत) बोट घातलं की दाणे हाताला लागतच नाहीत, नुसता चिखल. मग एखाद्या रविवारी डोक्यात येतं की सगळं बाहेर काढू, घासूनपुसून चकाचक करू आणि पहिल्यापासून लावू. करा, पण एक लक्षात ठेवा, नवीन टँक लावणं वेगळं आणि जुना परत उभा करणं वेगळं. नव्या टँकमध्ये माशांच्या घाणीतून सुटणारा अमोनिया खाणारे बॅक्टेरिया नसतात म्हणून महिना-दीड महिना सायकल व्हायची, म्हणजे ते पुरेसे वाढायची, वाट बघावी लागते. जुन्यात ते आधीपासून आहेत, तुम्ही माती बदला, लाकूड बदला, झाडं बदला, फक्त त्यांना मारू नका म्हणजे झालं.

हे बॅक्टेरिया राहतात कुठे तर फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिक रिंग्जवर, लाकडावर, सॉइलच्या वरच्या थरात. पाण्यात जवळजवळ नसतातच. त्यामुळे 'मी ऐंशी टक्के जुनं पाणी साठवून ठेवलं होतं तरी मासे मेले' असं म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा की फिल्टर नळाखाली धुतला होता का. बहुतेक वेळा धुतलेला असतो, कारण सगळं बाहेर निघालंच आहे तर तेही उरकून घेऊ असं वाटतं. ज्या आठवड्यात सॉइल बदलणार त्या आठवड्यात फिल्टर उघडायचासुद्धा नाही. साफ करायचाच असेल तर तीन-चार आठवडे आधी करून ठेवा, तोही टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून.

त्याच्याही आधी हे बघा की रिस्टार्टची खरंच गरज आहे का. सॉइल थकली म्हणजे काय होतं? अ‍ॅक्वासॉइल नवीन असताना पाण्यातला केएच (पीएच स्थिर धरणारा कार्बोनेट कडकपणा) खेचून घेते आणि पीएच खाली धरून ठेवते, हा गुण साधारण वर्ष-दोन वर्षांत संपतो, आणि तिच्यातलं खतही तोवर झाडांनी खाल्लेलं असतं. पण दाणे अजून दाणेच असतील आणि नुसती वाढ थांबली असेल तर रूट टॅब (मुळांच्या खताच्या गोळ्या) खोचून किंवा ऑस्मोकोट (हळूहळू सुटणारं दाणेदार खत) भरलेल्या कॅप्सूल मुळाशी दाबून काम भागतं, सगळा टँक उपसायची गरज नाही. दाण्यांचा चिखल झालाय, सायफन लावला की ढग उठतात, जागोजागी बुडबुडे निघतायत आणि त्याला सडक्या अंड्याचा वास आहे, असं असेल तर मात्र काढा. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. तळाशी ऑक्सिजन न पोचलेल्या थरात तो साठलेला असतो आणि माशांसाठी वाईट विषारी आहे, म्हणून आत मासे असताना जुनी सॉइल उकरायची नाही.

आता टेस्ट. टँकचं पाणी आणि नळाचं पाणी दोन्हीचा पीएच, केएच, टीडीएस (विरघळलेले क्षार) बघा आणि टँकचा नायट्रेट बघा. पुण्या-मुंबईचं धरणाचं पाणी मुळात मऊ, त्यात केएच कमी, आणि अमोनियाचा नायट्रेट होताना हे बॅक्टेरिया तोही वापरून टाकतात. पाणी बदलायचा कंटाळा करून वाफ होऊन कमी झालेलं तेवढंच पाणी भरत राहिलात की हळूहळू केएच शून्यावर येतो, पीएच सहाच्या खाली घसरतो, नायट्रेट आणि टीडीएस चढत जातात, आणि मासे तरीही मजेत दिसतात कारण त्यांना हळूहळू सवय झालेली असते. अशा टँकमध्ये एका दिवशी नव्वद टक्के नवीन पाणी टाकलं की गेले. एक तर टीडीएस अचानक बदलतो, आणि दुसरं म्हणजे कमी पीएचला जो अमोनिया अमोनियमच्या रूपात गप्प पडून होता तो पीएच वाढला की विषारी होतो. पंचवीस डिग्रीला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून टँक आणि नळ यांच्यात खूप फरक निघाला तर आधी तीन-चार आठवडे दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा टक्के पाणी बदलत दोन्ही जवळ आणा, मगच रिस्टार्टची तारीख काढा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण म्हातारे एंजल आणि क्लाऊन लोच मासे वाचतात ते यामुळेच.

तारखेचंही बघून घ्या. एप्रिल-मे नको, पाणी तीस-बत्तीस डिग्रीला असतं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि टबात गर्दीत ठेवलेले मासे धापा टाकतात. जून-जुलै पण नको, पहिल्या पावसात धरणाचं पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा डोस वाढलेला असतो. दिवाळीच्या आसपासचा काळ त्यातल्या त्यात बरा. सोसायटीची टाकी धुतलेल्या आठवड्यात तर अजिबात नको कारण ब्लीचिंग पावडर किती टाकली ते वॉचमनलापण माहीत नसतं. पुण्यात राहत असाल तर गुरुवार सोडून द्या, पाणी किंवा लाईट, काहीतरी एक जातंच. बोअर किंवा टँकरचं पाणी भरणार असाल तर त्याच दिवशी टीडीएस मोजा, मागच्या टँकरच्या आकड्यावर जाऊ नका.

सामान आदल्या दिवशी गोळा करून ठेवायचं. दोन मोठे टब किंवा निळा ड्रम (साबण-डिटर्जंटला कधीच न लागलेले, हे घरात आधी विचारा), दोन-तीन बादल्या, एअर पंप आणि स्टोन, सायफन पाईप, प्लास्टिकचं सुपडं, अँटिक्लोर (पाण्यातला क्लोरीन मारणारं औषध), जुने पेपर, आणि नवीन सॉइल. सॉइल किती लागेल ते काढणं सोपं आहे, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी सगळं सेंटिमीटरमध्ये आणि हजारने भागायचं. तीन फुटी टँक म्हणजे नव्वद बाय पंचेचाळीस, सरासरी पाच सेंटिमीटर थर धरला तर साधारण वीस लिटर, म्हणजे नऊ लिटरच्या दोन बॅगा आणि वर थोडी, मागे चढ द्यायचा असेल तर सरळ तीन घ्या. अर्ध्यात सॉइल संपली की दुकान बंद असतं. एक-दोन दिवस माशांना खायला घालू नका, टबात घाण कमी होते.

त्या दिवशी सगळ्यात आधी हीटरचा प्लग काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. चालू हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते. मग स्वच्छ वरचं पाणी सायफनने टबात घ्या, तळाला हात न लावता, टब अर्धा-पाऊण भरेल इतकं. लाकूड आणि दगड अलगद काढा, त्याला चिकटलेले अनुबियास-जावा फर्न तसेच राहू द्या आणि लाकूड टबातच बुडवून ठेवा, त्यावरचे बॅक्टेरिया आपल्याला हवेत आणि माशांना लपायला जागाही होते. पाणी चार इंचावर आलं की मासे पकडा, भरलेल्या टँकमध्ये जाळी घेऊन धावपळ करण्यात काही अर्थ नाही, झाडं उपटतात आणि मासे दमतात. टबावर जुनी ओढणी किंवा जाळी बांधा कारण घाबरलेला मासा उडी मारतोच.

कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) असेल तर त्याचे दोन्ही नळ बंद करून होज काढा आणि तोच फिल्टर टबावर चालू करा. हे सगळ्यात महत्त्वाचं काम. बंद पडलेल्या कॅनिस्टरमध्ये आतला ऑक्सिजन बॅक्टेरिया काही तासांत संपवतात आणि मग स्वतःच मरायला लागतात, वास येतो, आणि संध्याकाळी तोच फिल्टर चालू केला की ते सगळं पाणी टँकमध्ये. टबावर बसत नसेल तर मीडिया (आतले स्पंज, रिंग्ज) बास्केटसकट काढून टँकच्याच पाण्यात बुडवा आणि खाली एअर स्टोन सोडा. हँग-ऑन (काठाला लटकवायचा) किंवा स्पंज फिल्टरवाल्यांचं सोपं आहे, नुसता उचलून टबात.

झाडं उपटायची नाहीत, कापायची. जुन्या क्रिप्टोकोरिनची मुळं सगळ्या तळाखाली जाळं विणून बसलेली असतात, एक रोप ओढलं की अख्खी गादी वर येते आणि टँकमध्ये काळं पाणी होतं. कात्रीने रोपाभोवती गोल कापत जा, मुळं दोन इंच ठेवा. क्रिप्टची पानं पुढच्या आठवड्यात वितळणार आहेतच, त्यामुळे मोठी पानं आत्ताच छाटली तर ती टँकमध्ये सडत नाहीत, मधला कोंब शाबूत असला की परत फुटतं. रोटाला, हायग्रोफिला, लुडविजिया यांचे वरचे चार-पाच इंचाचे शेंडे तेवढे ठेवा, खालचे काळे पडलेले दांडे फेका. अ‍ॅमेझॉन स्वोर्डचा मुळांचा गठ्ठा निम्मा कापला तरी त्याला काही होत नाही. सगळं ओल्या पेपरमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवलं की दिवसभर टवटवीत राहतं. आपल्याकडच्या कोकणात भाताच्या खाचरांच्या आसपास मिळणारं क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस कोणाकडे नर्सरीतलं असेल तर ते जपा, फार चिवट झाड आहे, फक्त सारखी जागा बदललेली त्याला आवडत नाही.

अनुबियासवरच्या काळ्या दाढीचा हिशोब याच दिवशी करायचा कारण झाड आयतं बाहेर आलेलं आहे. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, आपल्याकडे बहुतेक सहा टक्क्याचं मिळतं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असेल तर तेच, त्यात तेवढंच पाणी मिसळलं की तीन टक्के. ब्रशने फक्त शेवाळावर लावायचं, बारीक फेस येतो आणि चुरचुर आवाज येतो, तीन-चार मिनिटं थांबा आणि साध्या पाण्याने धुवून टाका. शेवाळ लगेच गळत नाही. दोन-तीन दिवसांत काळ्याचं गुलाबी-लाल होतं, ते मेलं समजायचं, मग कोळंब्या आणि गोगलगायी ते खातात. मॉसवर हा प्रयोग करू नका, मॉससकट जाईल. आणि पार बरबटलेली पानं असतील तर जीव न अडकवता कापा, अनुबियासच्या रायझोमला (आडव्या जाड खोडाला) नवीन पानं येतात.

आता सॉइल. सुपड्याने एका कोपऱ्यातून उचलत चला, ओरबाडू नका, तळाची काच खरवडली जाते. कुली लोच (गांडुळासारखे बारीक मासे) आणि कोळंब्या चिखलात हमखास राहिलेल्या असतात म्हणून प्रत्येक सुपडं बादलीत टाकताना पसरून बघा, हे मी अगदी मनापासून सांगतोय, बादलीतल्या चिखलात वळवळणारी कुली सापडली नाही असा रिस्टार्ट विरळाच. वरच्या थरातली अर्धी बादली चांगली दिसणारी जुनी सॉइल बाजूला ठेवा, ती परत लागणार आहे. बाकी सगळं बाहेर.

रिकामा टँक उचलायचा असेल तर पूर्ण रिकामा, दोन इंच पाणी आहे म्हणून चालेल असं नाही, पाणी हललं की जोडांवर ताण येतो. काचेवरचे पांढरे क्षाराचे डाग पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. साबण नाही, फिनेल नाही. ब्लेड फक्त काचेच्या मधल्या भागावर, कोपऱ्यातल्या सिलिकॉनला पातं लागलं की पुढे गळती. दहा-बारा वर्षांचा टँक असेल तर सिलिकॉन नखाने दाबून बघा, कडा सुटल्या असतील किंवा आत हिरवं शेवाळ शिरलं असेल तर तसाच भरू नका, दुकानात नेऊन परत जोडून घ्या. अशा वेळी मासे टबात काही दिवस राहतील, फिल्टर चालूच आहे त्यामुळे घाबरायचं कारण नाही, रोज थोडं पाणी बदला. टँकखालचा थर्माकोल दबलेला असेल तर आत्ताच बदला, भरल्यावर दोनशे किलोच्या आसपास वजन असतं.

नवीन सॉइल भरताना एक निर्णय घ्यावा लागतो. पॉवर असलेली, म्हणजे खत भरलेली, अ‍ॅक्वासॉइल पहिले दोन-चार आठवडे भरपूर अमोनिया सोडते. मासे परत त्याच दिवशी टाकायचे असतील तर माझं मत असं की साधी, कमी खताची सॉइल किंवा बारीक खडी वापरा आणि झाडांच्या खालीच खत द्या. आणि भारी सॉइलच हवी असेल तर मासे टबातच ठेवा, जुना फिल्टर टबावर राहू द्या आणि त्यातला थोडा मीडिया टँकवरच्या दुसऱ्या फिल्टरमध्ये घाला, टँकमध्ये अमोनिया शून्य येईपर्यंत मासे बाहेर. दोन्ही एकदम जमवायला जाऊ नका. बजेट कमी असेल तर खाली इंचभर बागेची काळी माती किंवा जांभ्याची लाल माती आणि वर दोन इंच धुतलेली वाळू चालते, जांभ्यात लोह भरपूर असतं पण बाकी खत फारसं नाही हे लक्षात ठेवून रूट टॅब द्या. शेणखत, गांडूळखत मिसळलेली कुंडीची माती नको. खाडीची वाळू नको, त्यात शिंपल्यांचे तुकडे असतात आणि पाणी कडक होतं. शंका असेल तर मूठभर वाळूवर व्हिनेगर ओता, फेस आला तर परत करा. बाजूला ठेवलेली जुनी सॉइल टँकच्या पाण्यात एकदा विसळून नव्या थराच्या वर पातळ पसरा, बॅक्टेरिया घरचेच आयते मिळतात.

झाडं लावायची ती सॉइल ओली करून, वर पाणी इंचभरच ठेवून, पूर्ण भरल्यावर नाही. आणि दाट लावा. रिस्टार्टमध्ये पहिल्या दिवसापासून साठ-सत्तर टक्के तळ झाकला गेला पाहिजे, भराभर वाढणारं एखादं झाड, हायग्रोफिला डिफॉर्मिस, वॅलिस्नेरिया, वर तरंगणारं काहीतरी, पहिल्या महिन्यापुरतं का होईना असू द्या, ते अमोनिया ओढून घेतात. नंतर नको असेल तर काढा. भरताना तळावर ताटली किंवा प्लास्टिकची पिशवी ठेवून तिच्यावर धार सोडा नाहीतर सकाळपासूनची मेहनत पाच मिनिटांत ढवळून निघते. नळाचं पाणी सरळ टँकमध्ये सोडत असाल तर अँटिक्लोरचा डोस पूर्ण टँकच्या लिटरचा मोजा, आणि पाणी सोडायच्या आधी घाला. आपल्याकडच्या पाण्याच्या मानकात नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन धरलेला आहे, पावसाळ्यात किंवा टाकी धुतल्यावर त्याच्या कितीतरी वर असतो, आणि तोच क्लोरीन दिवसभर जपलेल्या बॅक्टेरियांना मारतो.

फिल्टर जागेवर, हीटर पाणी भरल्यावरच चालू. तापमान टबाच्या पाण्याइतकं आलं की मासे सोडा, त्यांना टबातल्या पाण्यात हळूहळू टँकचं पाणी मिसळून तासभर सवय लावा. त्या रात्री लाईट बंद, खाणं बंद, एअर स्टोन रात्रभर चालू.

पुढचे दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट एक दिवसाआड तपासायचे. फिल्टर नीट जपला असेल तर दोन्ही शून्याच्या जवळच राहतात, अमोनिया ०.५ पीपीएम (लिटरमागे मिलीग्रॅम) दिसला की त्याच दिवशी तीस-चाळीस टक्के पाणी बदला. लाईट सहा तास, त्याच्यावर नाही, कारण झाडं अजून मुळं धरतायत आणि तेवढ्यात शेवाळ हात मारून जातं. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडत असाल तर डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारा) आणि सोलेनॉइडचे (गॅस चालू-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हचे) ओ-रिंग आत्ताच बघून घ्या, लाईटच्या तासभर आधी चालू, ड्रॉप चेकरमध्ये (रंगावरून सीओटू दाखवणाऱ्या कुपीत) ४ डीकेएचचं (केएच ४ असलेलं) द्रावण असेल तर पोपटी हिरवा रंग म्हणजे साधारण ३० पीपीएम. मासे वर येऊन तोंड मारायला लागले तर रंग काहीही असो, सीओटू कमी करा. पहिल्या दहा दिवसांत लाकडावर पांढरी बुरशी, काचेवर तपकिरी थर, पाणी थोडं दुधाळ, हे सगळं येतं आणि जातं, औषधं टाकत बसू नका. क्रिप्ट वितळली तर सडलेली पानं रोज काढा, मुळांना हात लावू नका.

पातळ खत दुसऱ्या आठवड्यापासून अर्ध्या डोसने, नवीन शेंडे दिसायला लागले की पूर्ण. सकर (काचेला चिकटणारा मासा) आणि मोठे झालेले मासे परत नको असतील तर दुकानात द्या किंवा कोणाला तरी द्या, नदीत-तलावात सोडायचे नाहीत, सकर तसाही देशभर नद्यांमध्ये पसरून बसलाय. छाटलेली झाडं पण नाल्यात नाही, गच्चीवर कडक उन्हात वाळवून कंपोस्टमध्ये टाका. जुनी सॉइल वाळवून कुंड्यांना घाला, झाडांना फार मानवते, घरात बागेची हौस असलेलं कोणी असेल तर बादली तुमच्या आधीच गायब झालेली असेल. नवीन मासे महिनाभर तरी नाही. फिल्टर सहा आठवड्यांनी उघडायचा, त्यातही एका वेळी अर्धाच मीडिया, आणि उरलेला अर्धा त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी.